शेवंताच्या नावापुढं रिकामं

४ फेब्रुवारी १९७४
हळद काढायला लागलो. सकाळी सुनेनं, शेवंतानं, मला पाठुंगळी घेतलं आन् मळ्यात नेऊन ठेवलं. घागर ठेवतात तसं. कलंडू नये म्हणून दोन्ही बाजूनं ढेकळं लावली. लेक किसन कुदळ मारतो, शेवंता माती झटकते, मी बसून गड्ड्याची हळकुंडं मोडते. बसून होतं तेवढंच माझं.
दुपारी बसल्या जागी डोळा लागला. आसनेच्या पाण्यात उभी होते. पाणी गार, उजव्या पायाच्या बोटांतून वाळू सरकून राहिली. मासोळीनं अंगठ्याला तोंड लावलं. जागी झाले, तर उजवा पाय गुडघ्याखाली न्हाईच. दुष्काळात खडी फोडताना धोंडा पडला, पाय काळा पडला, शहरातल्या मोठ्या दवाखान्यात कापला. वरीस होऊन गेलं. पाय तिकडं पुरला का जाळला, कोणी सांगितलं न्हाई. तो मात्र माझ्याआधी नदीवर जाऊन उभा राहतो.

६ फेब्रुवारी
शेवंता लिहायला लई अक्षरं पडतात. माझं शिक्षण दुसरीचं, तेबी अर्धं. आता शे. लिहीन.
आज पोटरी खाजत होती. जी न्हाई ती. दात खाऊन बसले होते. शे. नं विचारलं, "काहून असं तोंड केलं?" सांगितलं. वाटलं हसंल. ती म्हणाली, "कुठं?" मी भुईवर बोट ठेवलं, जिथं पोटरी असती तिथं. तिनं तिथली भुई नखानं खाजवली. खाज गेली.
म्हणलं, हे कोणाजवळ बोलू नको, येडी म्हणतील.
"सांगू कोणाला आत्याबाई? माझं इथं कोण ऐकून राहिलं?"
जीभ तिखट. सेनगावकडची आहे. माझ्यासारखी आहे म्हणावं तर रक्ताची न्हाई.

११ फेब्रुवारी
एक पोरगी आली. खांद्याला पिशवी, हातात घड्याळ, चपला धुळीनं भरलेल्या. दवाखान्यातून आली. ज्यांचे पाय कापले त्यांची नावं घेऊन गावोगाव फिरून राहिली. नाव सांगितलं, ध्यानात राहिलं न्हाई. मी कागदवाली म्हणते.
म्हणाली, "आजी, पाय गेलेल्या माणसाला घरच्यांची, शेजाऱ्यांची साथ किती वाटते, ते मला मोजायचं आहे."
"साथ किती हाय ते?"
"नाही. तुम्हाला किती वाटते ते."
म्हणलं, वाटण्याचं माप आजवर कोणी केलं न्हाई, तू कशानं करतीस. तिनं कागदावर जिना काढला. पाच पायऱ्या. साथ अजिबात नसली तर खालची, भरपूर असली तर वरची. तुम्ही कितव्या पायरीवर?
"बाई, एका पायाच्या माणसाला जिना दाखवून राहिलीस?"
पोरगी लाजून लाल झाली. कडेला शे. तोंडाला पदर लावून हसली. मला दया आली, मी सांगितलं, आमी दाणे मापतो तसं विचार. रिकामं, चिपटं, मापटं, शेर, पायली. झाल्या की पाच. तिनं खुशीनं लिहून घेतलं. सगळ्या गावांत हेच वापरते म्हणाली.
जाताना मी विचारलं, नकली पाय मिळतो म्हणतात, खरं का. म्हणाली, "अर्ज घेतात, नंबर लागतो." एस. टी. ची वेळ झाली. प्रश्न पुढच्या खेपेला विचारते म्हणून गेली.
नंबर. कसा लागत असंल.

१२ फेब्रुवारी
शेजारची गयाबाई सकाळीच आली. तिला कुंपणापलीकडून समदं ऐकू येतं.
"काशाबाई, खडीच्या कामावर नावं लिहिली तवाचं इसरलीस का? मुकादमानं इचारलं घरात कोण कमावतं. तू ताठ्यानं म्हणलीस लेक हाय, सून हाय. बसलीस धा दिवस घरी. मी म्हणलं कोणी न्हाई, दुसऱ्या दिवशी कामावर."
"तुझा नवरा पाटी घेऊन मागंच उभा होता."
"म्हणून तर. त्याला बाजूला सरक म्हणलं."
बोलली ते बराबर आहे. सरकारी कागदावर ज्याचं घर भरलेलं, त्याला मागं सारतात. कागदवालीच्या कागदाचं तेच असणार. साथ पायलीभर आहे म्हणलं की म्हणतील, आजीला पाय कशाला, उचलणारे आहेत की.
दुपारी झोपेत पाय आला. दारात उभा. एकटाच, गुडघ्यापर्यंत, नवी चप्पल घालून. आत ये म्हणलं तर म्हणतो, आधी नाव सांगा.

१८ फेब्रुवारी
कागदवाली आली. ओसरीवर बसली. शे. अंगणात हळदीचा पाला गोळा करत होती, शिजवताना वर झाकायला लागतो.
अडचणीत धावून येईल असं कोणी? रिकामं. मनातलं बोलावं असं कोणी? रिकामं. शेजारी? रिकामं. कुंपणापलीकडं गयाबाई खुशीत खाकरली. मग एकेका माणसाचं नाव घेऊन विचारलं. लेक? मी जरा थांबले. चिपटं म्हणलं. सून?
रिकामं.
पोरीनं मान वर केली. माझ्या धुतलेल्या लुगड्याकडं पाहिलं, उशाच्या तांब्याकडं पाहिलं.
"आजी, पाणी कोण देतं?"
"पाणी पाण्याच्या जागी. तू साथ इचारलीस."
तिनं लिहिलं. तेवढ्यात शे. चहा घेऊन आली. मला बशी, पोरीला कप. हात हलला न्हाई, कपबशी वाजली न्हाई. हेच मला खटकलं. एरवी ती काही ठेवते तर भांडं आदळल्यासारखं.
पोरगी गेल्यावर सांगणार होते. पण सासूनं सुनेला समजावत बसायचं, हे मला माझ्या सासूनं शिकवलं न्हाई.

१९ फेब्रुवारी
आज पाठुंगळी नेलं, पण वाटेत बोलली न्हाई. रोज मळा येईपर्यंत तोंड चालू असतं. माहेरची म्हैस, भावाचं लगीन, किसनचं घोरणं. पाठीवर असलं की एकमेकीचं तोंड दिसत न्हाई, म्हणून वाट्टेल ते बोलता येतं. मीबी बोलते. नवरा मेला तवा मला रडू आलं न्हाई, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. तिच्या मानेला सांगितलं होतं.
आज नुसती मान. घामानं केस चिकटलेले. ती चालत होती आन् मी तरंगत होते, झोपेत असल्यासारखी, खाली वाट पिवळी, वर आभाळ पांढरं. बोलावं म्हणून दोनदा तोंड उघडलं. मळा आला.

२३ फेब्रुवारी
शेवटी म्हणलं. हळकुंडं मोडता मोडता, तिच्याकडं न बघता. "अगं, ते पायासाठी म्हणलं मी."
"मला ठाऊक हाय. गयाबाईनं सांगितलं."
"मग झालं तर."
"झालंच." तिनं गड्डा झटकला. थोड्या वेळानं म्हणाली, "ह्यांच्या नावाला तुमी थांबलात, आत्याबाई. माझ्या नावाला थांबला न्हाईत."
मी हातातलं हळकुंड मोडलं.
खोटं बोलताना लेकाच्या नावाला जीभ अडली, हे खरं. सुनेच्या नावाला काहून न्हाई? सवय का? का रिकामं म्हणलं तरी ती कुठं जाती, असं वाटलं? दिवसभर हेच. नखं पिवळी झाली.

२ मार्च
हळद शिजवायला घातली. मोठी काहील, खाली पालापाचोळा, वर हळदीची पानं आन् तरट. वाफ निघाली की अंगण दिसत न्हाई. मी कडेला बसून जाळ सारते.
वाफेत सगळं मऊ झालं. किसन नुसता आवाज, शे. नुसतं लुगडं. मला वाटलं मी लहान आहे आन् कोणाच्या तरी लग्नाच्या आदल्या दिवशी अंगणात हरवले. दोन्ही पायांनी पळते आहे, हाताला कोणाचा पदर लागत न्हाई. मग पानं उचलायला शे. वाकली, वाफ फाटली, तिचं तोंड दिसलं. माझ्याकडंच पाहत होती. रागानं न्हाई. अनोळखी माणसाला पाहावं तशी.
परत वाफ.

६ मार्च
तिचा भाऊ आला. परवा होळी, माहेरी न्यायला. मागच्या होळीलाबी आला होता. तवा माझा खुंट ओला होता, पू गळत होता. शे. नं त्याला चहा पाजून परत पाठवलं, म्हणाली, आत्याबाईकडं कोण बघंल. तो उन्हाचा तसाच गेला होता.
आज ती आधीच लुगड्यांची घडी घालून बसली होती. नातीला, सगुणेला, फ्रॉक घातला. माझ्या पाया पडायला वाकली. एकाच पायाला हात लावावा लागतो, लवकर होतं.
"कधी येशील?"
"बघू. इथं कोणाचं काय आडून राहिलं?"
किसन बैल धूत होता. धूतच राहिला.

१० मार्च
किसन उचलतो ते खताच्या पोत्यासारखं. ठेवतोबी तसंच. भाकरी जाड, आतून कच्ची. मी चुलीपुढं बसून थापते म्हणलं तर पीठ वरच्या फळीवर. फळी कोणी इतकी उंच केली. शे. उंच आहे.
पोटरी खाजली. किसनला म्हणलं, इथली भुई खाजव. त्यानं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला, मग म्हणाला, "माय, वसमतला डॉक्टरला दाखवू का?"
राहू दे म्हणलं. स्वतः वाकून खाजवली. जागा सापडली न्हाई.

१६ मार्च
कागदवाली परत. तेच प्रश्न दुसऱ्यांदा विचारायचे असतात म्हणे, माणसाचं वाटणं बदललं का पाहायला.
मी आधी विचारलं, माझा नंबर कुठवर आला.
"कसला नंबर?"
"पायाचा. तुझ्या कागदावर समदं रिकामं लिहिलंय न्हवं."
तिला समजायला वेळ लागला. समजल्यावर ती खाली बसली. "आजी, पायाचा अर्ज निराळा. त्याचं माप दवाखान्यात घेतात, जखम भरली का पाहतात. या कागदाचा आणि पायाचा काही संबंध नाही. हा फक्त माझ्या अभ्यासाचा."
गयाबाई कुंपणापलीकडून म्हणाली, "असं कसं? सरकारी कागद हाय न्हवं?"
"माझ्या अभ्यासाचा," पोरगी परत म्हणाली. डोळ्यात पाणी आलं तिच्या. काहून आलं, मला कळलं न्हाई. गेलं तर माझं गेलं.
म्हणलं, खोड ते. सुनेच्या नावापुढचं.
"पहिल्या वेळचं खोडता येत नाही. आता विचारते, ते शेजारी लिहीन." आन् विचारलं. सून?
मी थांबले. किती थांबले ठाऊक न्हाई. अंगणात हळद वाळत घातली होती, पिवळं पिवळं ऊन, डोळ्यापुढं तरळत होतं. कावळा येऊन हळकुंड चोचीत धरून परत टाकून गेला. पोरगी घाई करत न्हाई, हा तिचा गुण.
"पायली?" तिनं हळूच विचारलं.
"शेर लिही. पायली म्हणलं तर डोक्यावर बसंल."
ती हसली, लिहिलं. मग मी म्हणलं, सेनगावकडं जाशील तवा तिला हा कागद दाखव.
"तसं चालत नाही आजी. तुम्ही सांगितलेलं आम्ही कोणाला दाखवत नाही. नियम आहे."
पहिल्या वेळी समद्या अंगणानं ऐकलं. आता नियम.

२४ मार्च
पाडवा. किसन तिला आणायला गेला होता, एकटा परत आला. गुढीला साखरेची गाठी त्यानंच बांधली, वाकडी.
"काय म्हणाली?"
"माय आजारी हाय म्हणली."
"हाय का?"
"भाकरी थापत होती. माझ्यासाठीच थापल्या."
"मग तू काय म्हणलास?"
"जेवलो."
माझ्या पोटचा.

२६ मार्च
तिला आणायला मी जाते म्हणलं. गयाबाई गप्प बसली असती तर गयाबाई कसली.
"सासू कुठं सुनेच्या माहेरी आणायला जाती का? आजवर ऐकलं न्हाई. न्यायला जावं तर नवऱ्यानं, न्हाईतर दिरानं. तू जाऊन उभी राहिलीस तर त्यांच्या उंबऱ्यात आपल्या घराची मान गेली."
"उभी कुठली राहते. बसंन."
"आन् न्हाई आली तर?"
हळकुंड घासताना उडती ती पिवळी धूळ नाकात होती. खरं म्हणजे गयाबाईचं बराबर आहे. आमच्यात सासू जात न्हाई. जावं लागंल असं कोणी केलंच न्हाई आजवर, का केलं आन् लपवलं.
जाऊन काय बोलायचं हे ठरंना. माफ कर म्हणायचं? तोंडात बसत न्हाई. कागदावर शेर लिहिलाय म्हणायचं? ती म्हणंल, शेरच?

२८ मार्च
हिंगोलीच्या स्टँडवर किसनला परत पाठवलं. तो यायचं म्हणत होता. म्हणलं, तू सोबत असलास तर ती तुझ्यामागं आली असं होईल. त्यानं मला सेनगावच्या गाडीत बसवलं, दवाखान्यानं दिलेल्या, घरात ओसरीपुरत्या वापरते त्या कुबड्या सीटखाली सारल्या, कंडक्टरला दोनदा सांगितलं कुठं उतरवायचं. खिडकीतून हात धरून उभा राहिला. गाडी हलली तरी सोडंना. आता वाटतं त्याला चिपटं म्हणलं ते कमी झालं.
गाडीत डोळा लागला. गाडीत कोणीच नव्हतं, मी आन् ऊन. ऊन सीटवर बसलेलं, तिकीट काढलेलं. दोन्ही बाजूनं माळ मागं मागं जात होता, पळसाला लाल फुलं. मला वाटलं, मी कुठं जाऊन राहिले हे मला ठाऊक न्हाई आन् त्याचं काही वाटत न्हाई. कंडक्टरनं उठवलं. "आजी, तुमची वाडी."
फाट्यापासून घर लांब. कुबड्यांवर इतकं कधी चालले नव्हते. काखेत सोललं. वाटेत एक बाई म्हणाली, कोणाकडं. म्हणलं, शेवंताची सासू. ती थांबून पाहत राहिली.
विहीणबाई दारातच होत्या. ठणठणीत. मला पाहून पदर डोक्यावर ओढला, तोंडाला काय सुचंना त्यांच्या. पाणी दिलं, गूळ दिला. सगुणा पळत आली, मांडीवर बसली, "आज्जी, तू चालत आलीस?" म्हणाली. व्हय म्हणलं.
"शेवंता रानात गेली, कडबा आणायला," विहीणबाई म्हणाल्या. "निरोप धाडू का?"
"नका. येऊ द्या तिच्या पायानं."
तवापासून इथं लिंबाखाली बाजेवर बसले आहे. वही काढली. हातात काही असलं म्हणजे बरं. विहीणबाई आतबाहेर करून राहिल्या, विचारत न्हाईत, मी सांगत न्हाई. त्यांना चुलीतला धूर लागला का काय, डोळे पुसत आहेत.
पहिला शब्द तिचा का माझा, हेच ठरवून राहिले. तिचा असला तर सोपं. ती काही तिखट बोलंल, मी त्याहून तिखट बोलंन, आन् मग निघेल काही वाट. ती गप्प राहिली तर माझी पाळी.
वाटेवर धूळ दिसली. बाई आहे. उंच आहे, म्हणजे तीच. डोक्यावर कडब्याचा भारा इतका मोठा, की तोंड आतच. नुसते दोन पाय येऊन राहिले आहेत, सावकाश. मला पाहिलं का न्हाई, समजत न्हाई. वाटेवरच्या आंब्यापाशी थांबली. भारा सावरायला थांबली असंल.
अजून उभीच आहे. वही मिटते.